संसार मोडताना घर सांभाळायचं कसं?

घटस्फोटाचा विचार घेऊन समुपदेशनाला आलेली व्यक्ती पहिल्या भेटीत जे कारण सांगते, ते बहुतेक वेळा शेवटच्या भांडणाचं असतं. ‘चार माणसांत माझा अपमान केला.’ ‘न सांगता माहेरी निघून गेली.’ तेवढ्यावर संसार मोडत नाही, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं. थोडं मागे जायला सांगितलं की खरं बाहेर येतं. लग्नातले दागिने दिराच्या धंद्यासाठी गहाण पडले आणि परत आलेच नाहीत. बाळंतपणानंतर दीड वर्ष दोघं एका खोलीत झोपले नाहीत आणि त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. नोकरी गेली, ती चार महिने घरी सांगितली नाही.

म्हणून वकिलाचा नंबर मिळवण्याआधी एक काम करा. कागद घ्या आणि तीनच गोष्टी लिहा. कोणती गोष्ट यापुढे अजिबात सहन होणार नाही? काय बदललं तर मी या घरात राहीन? आणि हे मी समोरच्याला स्पष्ट शब्दांत, भांडण चालू नसताना, कधी सांगितलंय का? तिसऱ्या प्रश्नाशी बरेच जण अडखळतात. आपल्याकडे नवरा-बायको वर्षानुवर्षं टोमण्यांतून बोलतात, आई-वडिलांमार्फत निरोप धाडतात, अबोला धरतात. समोर बसून ‘मला हे असं नको, तसं हवं’ म्हणायची वेळ येते ती थेट कोर्टातल्या समुपदेशकासमोर.

मात्र घरात मारहाण होत असेल, जिवाची भीती असेल, तर हा कागद बाजूला ठेवा. तिथे ‘थोडं सहन कर, मुलं मोठी झाली की सुधारेल’ हा सल्ला देणाऱ्यानं आपण काय बोलतोय याचा विचार करावा. तातडीच्या वेळी ११२ वर फोन करावा, महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी जिथे संसार केला तिथे राहण्याचा हक्क मागता येतो, आणि त्यासाठी घटस्फोटाचा अर्ज केलेला असावा लागत नाही. मुंबईत पोलिस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकारानं १९८४ मध्ये महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला, पुढे तसे कक्ष राज्यात इतरत्रही निघाले. पुण्या-नागपुरात पोलिसांचे भरोसा सेल आहेत. आधार कार्ड, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, पासबुक, दवाखान्याचे कागद यांच्या प्रती विश्वासातल्या माणसाकडे आधीच ठेवून द्या. निघायची वेळ आली की कपाट उघडायला सवड मिळत नाही.

आता कारणांकडे. माझ्या मते निम्मी भांडणं लग्नाच्या बोलणीतच पेरली जातात. पत्रिका दोन-दोन ज्योतिषांना दाखवली जाते, पण मुलाच्या डोक्यावर किती कर्ज आहे, मुलीला कुठल्या गोळ्या चालू आहेत, दोघांना मूल हवंय का, लग्नानंतर कोण कुणाच्या शहरात राहणार, हे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात विचारणं म्हणजे आगाऊपणा ठरतो. ‘पुण्यात नोकरी आहे’ या शब्दावर मुलगी दिली जाते आणि सहा महिन्यांनी कळतं की नोकरी कंत्राटी होती. मुलाला मुळात लग्न करायचंच नव्हतं, हेही कधीकधी लग्नानंतर कळतं. आई-वडिलांच्या आग्रहापुढे तो गप्प बसलेला असतो आणि त्याची किंमत दुसऱ्या घरची लेक मोजते.

मग येतो जागेचा प्रश्न. वन रूम किचनमध्ये सासू-सासरे, धाकटा दीर आणि नवं जोडपं. दोघांना मनातलं बोलायला जिन्यात जावं लागतं. त्यातच दोन्हीकडच्या आयांचे रोजचे फोन. सुनेनं भाजीत मीठ किती घातलं इथपासून जावयानं पगार कुठे ठेवला इथपर्यंत सगळं दुसऱ्या घरात त्याच संध्याकाळी पोचतं. या प्रकारची भांडणं संसार मोडण्याच्या लायकीची नसतात. स्वतंत्र बिऱ्हाड, फोनला मर्यादा, घरखर्चाचा एक सामाईक हिशेब, एवढ्यावर ती निवळलेली मी पाहिली आहेत. पण हे लवकर करावं लागतं. पाच वर्षं साचलेल्या रागावर भाड्याची खोली उपाय ठरत नाही.

पैसा आणि घरकाम या दोन गोष्टी वेगळ्या धरू नका. दोघंही सकाळची लोकल पकडतात, दोघांच्या पगारातून फ्लॅटचा हप्ता जातो, पण संध्याकाळी दार उघडल्यावर कुकर तिनंच लावायचा असतो. फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर असतो. ‘बायका कमवायला लागल्या म्हणून घटस्फोट वाढले’ असं म्हणणाऱ्यांना मला सांगायचंय की कमाईनं संसार मोडत नाही. आधीच मोडलेल्या संसारातून बाहेर पडायला कमाई बस-भाडं देते, इतकंच.

पूर्वी संसार टिकत होते, हेही अर्धंच खरं. अनेक समाजांत काडीमोडाची रीत होती आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानंही रूढीनं मान्य असलेला घटस्फोट कायम ठेवला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात १९३१ मध्येच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला, मुंबई प्रांतात १९४७ मध्ये. आणि जिथे रीतही नव्हती, कायदाही नव्हता, तिथे बाईला सरळ टाकून दिलं जाई. संगमनेरला १९८८ मध्ये परित्यक्तांची परिषद भरली तेव्हा हे दुखणं गावोगावी किती आहे ते महाराष्ट्राला दिसलं. अ‍ॅड. निशा शिवूरकर यांचं ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ हे पुस्तक त्याच लढ्याचं आहे. २०११ च्या जनगणनेतही घटस्फोट झालेल्यांपेक्षा नुसतेच विभक्त राहणारे कितीतरी जास्त आढळले. धड विवाहित नाही, धड मोकळी नाही, पोटगी नाही, दुसरं लग्न नाही. अशा अधांतरी अवस्थेपेक्षा कायदेशीर घटस्फोट बरा, असं मी स्पष्ट म्हणेन.

कायद्याची वाट थोडक्यात सांगते. हिंदू विवाह कायद्याखाली लग्नाला वर्ष होण्याआधी, फार मोठं कारण असल्याशिवाय, अर्ज करता येत नाही. दोघांची संमती असेल तर कलम १३-ब. त्यासाठी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. एकाच छताखाली राहूनही नवरा-बायको म्हणून नातं उरलं नसेल तर तेही त्यात धरलं जाऊ शकतं. पहिल्या अर्जानंतर सहा महिन्यांनी, अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन संमती सांगायची. हे सहा महिने योग्य परिस्थितीत माफ होऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं. निकाल लागेपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं, हे लक्षात असू द्या. संमती नसेल तर क्रूरता, दोन वर्षं सोडून जाणं, व्यभिचार अशी कारणं सिद्ध करावी लागतात आणि त्यात वर्षं जातात. ‘लग्नात आता काही उरलं नाही’ एवढ्या कारणावर कुटुंब न्यायालय घटस्फोट देऊ शकत नाही. तो विशेष अधिकार सर्वोच्च न्यायालयाचा, २०२३ च्या निकालानं स्पष्ट झालेला. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी केलेल्यांना, ख्रिस्ती आणि मुस्लिम जोडप्यांना वेगळे कायदे लागू होतात, तेव्हा शेजारच्यांचा अनुभव तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

कुटुंब न्यायालयं १९८४ च्या कायद्यानं आली ती मुळात समेटाचा प्रयत्न आधी व्हावा म्हणून. वांद्र्याला, पुण्यात शिवाजीनगरला किंवा तुमच्या जिल्ह्यात कुटुंब न्यायालय असेल तिथे विवाह समुपदेशक असतात. त्यांच्याशी झालेलं बोलणं गोपनीय असतं. त्या खोलीत वकिलानं शिकवलेली वाक्यं म्हणू नका. तिथे खरं बोललात तर घटस्फोट घ्यायचा असला तरी तो कमी जखमा करून घेता येतो.

अर्जाच्या मसुद्याबद्दल माझा फार आग्रह आहे. केस मजबूत व्हावी म्हणून अर्जात वाटेल ते आरोप घातले जातात आणि अशील न वाचता सही करतं. एका पंधरा वर्षांच्या मुलीला कपाटात वडिलांच्या जुन्या अर्जाची प्रत सापडली. त्यात तिच्या जन्माबद्दल संशय घेतलेला होता. वडील म्हणाले, ‘ते वकिलानं लिहिलं होतं, माझ्या मनात तसं कधीच नव्हतं.’ मुलीनं विचारलं, ‘मग सही कुणाची आहे?’ त्यानंतर ती वडिलांकडे शनिवारी जाईनाशी झाली. न्यायालयानं दिलेल्या भेटीच्या आदेशाचा तिथे काही उपयोग झाला नाही. अर्जातलं प्रत्येक वाक्य वाचा. खोटं असेल ते काढायला लावा. वकील तयार नसेल तर वकील बदला.

मुलांना घटस्फोट बाधतो तो मुख्यतः आई-वडील वेगळे राहतात म्हणून, असा समज आहे. मी जे पाहिलं त्यावरून सांगते, त्याहून जास्त बाधतं ते वेगळे झाल्यावरही चालू राहिलेलं युद्ध. लहान मूल सुटलेल्या सवयींकडे परत जातं, रात्री अंथरूण ओलं करतं, आईचा पदर सोडत नाही. आठ-नऊ वर्षांचं मूल मनाशी हिशेब मांडतं की मी त्या दिवशी हट्ट केला म्हणून बाबा गेले. तेरा-चौदाचं पोर एका बाजूचं वकीलपत्र घेतं किंवा दोघांपासून तुटून मोबाइलमध्ये शिरतं.

एक मुलगा दर शनिवारी वडिलांकडे जायचा. रविवारी संध्याकाळी परत आला की चपला काढायच्या आत आजी विचारायची, ‘काय खायला घातलं? घरी आणखी कोण आलं होतं?’ तिकडच्या आजीचे प्रश्नही तसेच. मुलगा हुशार होता, दोन्ही घरांना आवडतील अशी उत्तरं तो तयार ठेवायला शिकला. शुक्रवारी दुपारपासून त्याच्या पोटात दुखायला लागायचं. सोनोग्राफी झाली, औषधं झाली, काही निघालं नाही. दोन्ही आज्यांना बसवून हे प्रश्न बंद करायला लावले. त्याऐवजी रविवारी आल्यावर त्याला अर्धा तास खाली क्रिकेट खेळू द्यायचं ठरलं. पोटदुखी हळूहळू गेली.

मुलाला सांगायचं असेल तेव्हा शक्य असेल तर दोघांनी मिळून सांगा. लांबलचक कारणमीमांसा नको. ‘आम्ही दोघांनी वेगळ्या घरांत राहायचं ठरवलंय. यात तुझी काही चूक नाही. तू आईजवळ राहशील, शाळा हीच राहील, शनिवारी बाबा न्यायला येतील.’ मुलाला माहिती हवी असते ती अशी, उद्या सकाळी डबा कोण देणार इतक्या पातळीची. नंतर तेच प्रश्न ते पुन्हा पुन्हा विचारतं, तेव्हा न चिडता तेच उत्तर द्यायचं. ‘पप्पांना सांग फीचे पैसे टाका’ हा निरोप मुलाच्या हाती कधीही देऊ नका. स्वतः मेसेज करा. वर्गशिक्षिकेला थोडक्यात कल्पना द्या, म्हणजे पालकसभेला कोण येणार यावरून वर्गात त्याची पंचाईत होणार नाही.

ताब्याबाबत कायदा सांगतो की पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं, आणि एकूणात मुलाचं हित सगळ्यांत वरचं. जाणत्या मुलाशी न्यायाधीश स्वतः बोलतात. पण कोर्टाचा आदेश ‘आठवड्याला एकदा भेट, सुटी अर्धी-अर्धी’ एवढंच सांगतो. उरलेलं तुम्ही लिहून ठेवायला हवं. गणपतीला कोकणात वडिलांच्या गावी जाणार असेल तर दिवाळी आईकडे का? भाऊबीजेला मामाकडे कधी? मूल आजारी पडलं तर दुसऱ्याला किती वेळात कळवायचं? व्हिडिओ कॉलची वेळ कोणती? पासपोर्ट कुणाजवळ राहील, शाळा बदलायची तर कुणाची संमती लागेल, क्लासची फी कोण भरणार? हे आत्ता बोलणं कटकटीचं वाटतं. न बोलता ठेवलं तर दर सणाला नवं भांडण ठरलेलं.

आणि आजी-आजोबांचं काय? दोघं नोकरीला जात असताना ज्या आजीनं नातवाला वाढवलं, तिचा त्याच्याशी संबंध एका दिवसात तोडला जातो. नाव अर्जात नसतं, दुःख मोजायला कुणी नसतं. भेटीच्या ठरावात त्यांच्यासाठीही एक ओळ घाला.

माहेरी परत आलेल्या लेकीच्या आई-वडिलांना मला एवढंच सांगावंसं वाटतं. पहिले काही दिवस तिला ‘पुढे काय ठरवलंस?’ असं विचारू नका. तिला एक कपाट रिकामं करून द्या, घराची एक किल्ली द्या. पाहुण्यांसमोर ‘थोडे दिवस आलीय’ असं सांगू नका, तिला ते ऐकू येतं. धाकट्या बहिणीच्या स्थळाची काळजी तिच्या कानावर घालू नका. भावाच्या बायकोशीही आधीच मोकळं बोला, कारण जागा आणि खर्च यांचा ताण तिच्यावरही येतो. मुलाच्या घरच्यांनीही जपावं. घटस्फोट झालेला पुरुष बोलत नाही. जेवण टाळतो, दारूकडे वळतो, मित्र ‘सुटलास लेका’ म्हणून टाळी देतात आणि तो आणखी आत जातो. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक बाई-पुरुष सगळ्यांसाठी आहे.

पैशांच्या बाबतीत भाबडेपणा नको. महाराष्ट्रात घटस्फोटानंतर नवऱ्याच्या मालमत्तेचा अर्धा वाटा बायकोला आपोआप मिळत नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानं, वेगळा करार नसेल तर, दोघांची मालमत्ता सामाईक धरली जाते. सीमेअलीकडच्या आपल्या बहिणींना ते संरक्षण नाही. त्यामुळे फ्लॅटचे हप्ते तुमच्या खात्यातून गेले असतील तर बँकेचे उतारे जपा. स्त्रीधन पूर्णपणे बाईचं असतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच ठामपणे सांगितलंय. दागिन्यांची यादी, पावत्या, लग्नातले फोटो एकत्र करा. पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जं यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पोटगी साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून धरावी, असा २०२० चा निकाल आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो. त्यांचा फोन १५१००.

संमतीच्या अटी लिहिताना थकलेल्या बायका म्हणतात, ‘मला काही नको, फक्त मोकळं करा.’ स्वतःचा हक्क सोडायचा तर सोडा, पण मुलाचा खर्च सोडू नका. तो हक्क मुलाचा आहे, तुमचा नाही. वडिलांच्या मिळकतीतला मुलाचा वारसाहक्कही घटस्फोटानं जात नाही. एकरकमी रक्कम ठरली असेल तर ती कोणत्या तारखेला, कोर्टासमोर डिमांड ड्राफ्टनं किती, हे अटींत हवं. घरकर्जावर दोघांच्या सह्या असतील तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानं बँक बांधली जात नाही. एकानं हप्ते थकवले की दुसऱ्याच्या दारात वसुलीवाले येतात. बँकेकडून नाव कमी झाल्याचं पत्र घ्या. भविष्यनिर्वाह निधी, विमा, बँक खाती यांवरची वारसनोंद आणि आरोग्य विमा त्याच महिन्यात बदला.

परदेशात राहणाऱ्या मराठी जोडप्यांसाठी एक सूचना. इथे हिंदू पद्धतीनं लग्न करून तिकडच्या कोर्टातून एकतर्फी घटस्फोट घेतला तर तो भारतात मान्य होईलच असं नाही. १९९१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार कारण इथल्या कायद्यात बसणारं हवं आणि दुसऱ्या बाजूचा त्या कोर्टात खरा सहभाग हवा. मूल घेऊन एकदम विमानात बसण्याआधी दोन्ही देशांतल्या वकिलांशी बोला.

एकदा झालेला ठराव कायमचा गोठलेला नसतो. पहिलीतल्या मुलासाठी ठरलेली रक्कम दहावीच्या क्लासला पुरत नाही, बदली झाली की शनिवारच्या भेटी जमत नाहीत, बारा वर्षांच्या मुलीला आता आईच्या गावी राहायचं असतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलांचा ताबा, खर्च आणि शिक्षण यांबाबतचे आदेश न्यायालय वेळोवेळी बदलू शकतं. मुलांच्या खर्चाचा अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत निकाली काढावा, असंही कायदा म्हणतो. दर वर्षी एप्रिलमध्ये, शाळेचा निकाल लागायच्या सुमारास, दोघांनी फक्त मुलाबद्दल बोलायला एकदा भेटा किंवा फोन करा. जुने विषय त्या दिवशी काढायचे नाहीत. फी किती वाढली, सुटी कशी वाटायची, चष्म्याचा नंबर बदललाय का, एवढं ठरवा आणि लगेच एकमेकांना लिहून पाठवा.